बस्ता क्रमांक दोनशे सतरा

१

कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली नीट फिरली, दार नेहमीसारखं कुरकुरत उघडलं, आणि मधल्या फळीवर जिथं निळी फाइल असायला हवी होती तिथं काहीच नव्हतं.

उत्तरानं तिन्ही फळ्या चाचपल्या. पुन्हा चाचपल्या. मग ती फरशीवर बसली ती बसलीच. बाहेर वाचनालयात पेपर वाचत बसलेल्या चंद्रभान सोळंक्यांना हाक मारायचंही तिला सुचलं नाही. ते आपणहून आत आले, कारण कपाट उघडल्याचा आवाज आला आणि पुढं काहीच आलं नाही, ही गोष्ट त्यांना खटकली.

चंद्रभानांना काहीही खटकायचं. एसटीत बत्तीस वर्षं काढलेली, त्यातली शेवटची अठरा तिकीट तपासनीस म्हणून. पास हाती आला की बाकीचे तपासनीस आधी फोटो बघायचे, हे आधी तारीख बघायचे. निवृत्त झाल्यापासून रोज दहाच्या ठोक्याला सेलूच्या ‘दुधनातीर संशोधन मंदिरा’त येऊन तीन पेपर वाचायचे आणि बातमीतल्या माणसांवर संशय घ्यायचे. उत्तराला ते ओळखत होते ती चारठाण्याहून बसनं कॉलेजला यायची तेव्हापासून. तिचा पास कधी एक दिवसही शिळा सापडला नव्हता, म्हणून तिच्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं.

“काका, फाइल गेली,” उत्तरा म्हणाली.

“काय काय व्हतं त्यात?”

“सगळंच. अर्ज, सरांची शिफारस, आणि ठसे. अठराच्या अठरा.”

चंद्रभान खुर्ची ओढून बसले. या अर्जाची कथा त्यांना तोंडपाठ होती. विद्यापीठातल्या मुलांना शिष्यवृत्तीसाठी दहा दारं असतात. सेलूसारख्या गावात, चार खोल्यांच्या संस्थेत बसून जुनी दप्तरं चाळणाऱ्यांना कुणी विचारत नाही. यंदा दिल्लीच्या एका प्रतिष्ठानानं खास अशा विद्यापीठाबाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठी दोन वर्षांची अभ्यासवृत्ती काढली होती. एका संस्थेनं एकच नाव पाठवायचं. पस्तीस पूर्ण झालेले चालणार नाहीत, आणि उत्तराला पुढच्या महिन्यात पस्तीस पूर्ण होत होती. अर्ज आजच पोस्टात पडायला हवा होता. सेलूच्या पोस्टाची स्पीडपोस्टची खिडकी चारला बंद होते. आत्ता वाजले होते सव्वादहा.

“मोबाइलमधी फोटो असतील की ठशांचे.”

“आहेत. पण त्यांना मूळ ठसे पाहिजेत. नुसत्या फोटोंवर अर्ज घेत नाहीत.”

“मग जाऊन नवे काढू.”

“कुठून काढू? शिळेला ऑइलपेंट लागलाय.”

चारठाण्याजवळच्या एका बारवेत जुना लेख होता. उत्तरानं दोन उन्हाळे त्या बारवेत उतरून, शिळेवर ओला कागद बसवून, ब्रशनं ठोकून ठोकून, वर शाईचा बोळा फिरवून त्याचे ठसे घेतले होते. नंतर गावकऱ्यांनी मोठ्या भक्तिभावानं बारवेचा जीर्णोद्धार केला आणि लेखावर पिवळाधमक रंग थापला. आता त्या लेखाचा पुरावा म्हणजे ते अठरा कागदच.

चंद्रभानांनी कुलपावरून बोट फिरवून बघितलं. ओरखडा नव्हता. फाइल बुधवारी संध्याकाळी उत्तरानं स्वतः इथं ठेवली होती. काल गुरुवार, संस्थेची सुट्टी. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक संचालक व्यंकटराव सरांकडं, दुसरी दप्तर सांभाळणाऱ्या शिवरुद्रअप्पांची, जी अप्पा रजेवर गेले की भिंतीवरच्या घड्याळामागच्या खिळ्याला लटकते. हे संस्थेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि संस्थेत सगळे मिळून चार माणसं.

“बाहेरचा चोर न्हाई, उत्तरा,” चंद्रभान हळूच म्हणाले. “जो कुणी हाय, तो आज तुझ्याबरोबर चहा पिणार हाय.”

२

संशय सरळ केयूरवर गेला. चंद्रभानांना त्यात थोडा आनंदही झाला, कारण हा पोरगा पेपराची मधली पानं पळवायचा.

केयूर अठ्ठावीस वर्षांचा, सेलूच्या जुन्या जिनिंग कारखान्यांवर काम करणारा, हुशार आणि तोंडाळ. महिन्यापूर्वी सरांनी उत्तराचं नाव पाठवायचं ठरवलं तेव्हा त्यानं दार असं आपटलं होतं की भिंतीवरची नियमांची पाटी खाली आली होती. ‘बस्ता बांधताना कडुनिंबाचा पाला घालावा. हुकुमावरून, संचालक’ ही ती पाटी. संस्थेत जुन्या कागदांचे चारशेबारा बस्ते होते, लाल कापडात बांधलेले, आणि कसर लागू नये म्हणून प्रत्येकात पाला. केयूर तो नियम कधीच पाळायचा नाही. कागद काढायचा, मोबाइलनं फोटो मारायचा, बस्ता उघडाच टाकून निघून जायचा. अप्पा मागून शिव शिव करत बांधत बसायचे.

अप्पा चार दिवस रजेवर पालमला, म्हणून बाहेरच्या दाराची त्यांची किल्ली सध्या केयूरकडं होती; दुसरी सरांकडं.

“काल कुठं व्हतास?” चंद्रभानांनी विचारलं.

“परभणीला.”

“कशानं गेलास?”

“एसटीनं. नऊच्या गाडीनं.”

“कालची नवाची सुटलीच न्हाई. डेपोत अजून उठबस हाय माझी.”

केयूरचा चेहरा उतरला. असे उतरलेले चेहरे चंद्रभानांनी हजारोंनी बघितले होते. यानंतर माणूस एक तर भांडतो, नाही तर खरं बोलतो. केयूरनं दोन्ही केलं.

“तुमी काय पोलीस हाव का? इथंच आलतो मी. अकराला. माझा पण अर्ज तयार करून ठेवायलो होतो. ताईचा काही कारणानं राहिला असता तर...”

“राहणार हाय हे तुला आधीच कसं ठाव?”

“ठाव नव्हतं! आशा होती. आशा करणं गुन्हा हाय का?” त्यानं पिशवीतून स्वतःचा अर्ज काढून टेबलावर टाकला. “बघा. सरांची सही न्हाई यावर. फाइल मीच पळवली असती तर आधी सही तर मिळवली असती ना?”

उत्तरा त्याच्याकडं बघत होती. त्या अर्जावर तिची नजर गेली आणि तिनं मान फिरवली. चोरीपेक्षा तिला हेच जास्त लागलं असावं. पाच वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला मुलगा तिचा अर्ज राहायची वाट बघत होता.

“काल इथं अजून कुणी व्हतं?”

“न्हाई. दाराला कुलूप होतं. अंगणात तेवढा पाला पडला होता.”

“कसला पाला?”

“कडुनिंबाचा. ताजा, डहाळीसकट. मला वाटलं अप्पा पालमहून आले. हाका मारल्या, पण आत कुणीच नव्हतं.”

चंद्रभानांनी त्याला जायला सांगितलं नाही आणि राहायलाही सांगितलं नाही. केयूर आपला अर्ज छातीशी धरून कोपऱ्यात उभा राहिला.

३

अकराला व्यंकटराव सर आले. बहात्तरीचे, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला शाईचं पेन. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ही संस्था उभी केली होती. सेलूत कुठल्याही दुकानात ‘सर’ एवढंच म्हटलं तरी लोकांना कळायचं कोण ते.

फाइल गेल्याचं ऐकून ते खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

“शिफारस मी आत्ता पुन्हा लिहून देतो,” ते म्हणाले. “पण ठसे कुठून आणायचे? अरेरे. पोलिसांत मात्र जाऊ नका चंद्रभानराव, संस्थेची अब्रू जाईल. उत्तरा, पुढच्या वर्षी पुन्हा निघेल ही वृत्ती.”

“पुढच्या वर्षी माझं वय बसणार नाही, सर. तुम्हीच मोजून सांगितलं होतं.”



चंद्रभान खोलीभर नजर फिरवत होते. सरांच्या खुर्चीमागं संस्थेचं मान्यतापत्र चौकटीत लावलेलं होतं. त्याच खिळ्याला कॅलेंडर अडकवलं होतं. इतक्या उंचावर की तिथी बघायची तर स्टूल लागावं. कॅलेंडरानं चौकटीचा खालचा निम्मा भाग झाकला होता. असेल बाबा, दुसरा खिळा नसेल, असं ते मनात म्हणाले. पण खटकायचं ते खटकलंच.

“अर्जाच्या यादीतलं काही राहिलं व्हतं का गं?” त्यांनी उत्तराला विचारलं.

“एकच. मान्यतापत्राची प्रत. सर म्हणाले, ती मी लावतो.”

“हो, आज सकाळी लावणार होतो,” सर म्हणाले. “काल दिवसभर दत्ताच्या मठात होतो, पारायणाला.”

टेबलांचे खण आणि पेट्या शोधण्यात पाऊण वाजला, तेव्हा शिवरुद्रअप्पा खांद्याला पिशवी लावून दारात उभे राहिले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग ठेवायची चांदीची चौकटी. श्रावणी सोमवारच्या पूजेला म्हणून ते पालमला बहिणीकडं, भागम्माकडं गेले होते, ते आज परतले. चंद्रभानांनी नमस्काराच्याही आधी हात पुढं केला.

“तिकीट.”

अप्पांनी निमूट दोन तिकिटं काढून दिली. आजची तारीख. पालम-परभणी सकाळची पहिली, परभणी-सेलू नंतरची.

“माझ्यावर वहीम घ्यायलाव का, सोळंकेसाहेब?”

“सगळ्यांवरच घ्यायलोय, अप्पा. पर आज मला तुमचं नाक पाहिजे.”

४

उत्तराकडं अर्जाच्या नियमांची पुस्तिका होती. चंद्रभानांनी ती मागून घेतली आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अटी मागच्या बाजूला छापतात, हा त्यांचा पासांवरचा अनुभव. एका परिच्छेदाशी ते थांबले, पान दुमडून पुस्तिका खिशात घातली आणि अप्पांना घेऊन दप्तरखान्यात गेले. उत्तरा मागोमाग आली.

“हे बघा,” ते म्हणाले. “ठशाचे कागद केवढे मोठे. घडी घालता येत न्हाई. गुंडाळी करून बाजारातून न्यावी तर शंभर जण इचारतील. जाळावी तर काल जळाल्याचा वास केयूरला आला असता. कागद लपवायला कागदातच जागा बरी. चारशेबारा बस्ते हायत. आपल्याला उघडायला दोन दिवस लागतील, आन् हातात हायत तीन तास.”

“मग माझं नाक कशाला?”

“कुठल्या बस्त्याचा वास निराळा येतो ते सांगा.”

अप्पा हसले नाहीत. सत्तावीस वर्षं ते या बस्त्यांबरोबर राहिले होते. हात मागं बांधून, मान पुढं करून ते मांडण्यांमधून चालू लागले. पहिली रांग संपली, दुसरी संपली. उत्तरा दाराशी उभी होती, ओठ आत ओढून. तिसऱ्या रांगेच्या मध्यावर अप्पा थबकले, एक पाऊल मागं आले आणि त्यांनी वरच्या फळीवरचा एक बस्ता खाली घेतला. क्रमांक दोनशे सतरा.

गाठ सुटली. वर निजामाच्या काळातले महसुली कागद. त्यांच्याखाली, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये सरळ ठेवलेले अठरा ठसे आणि निळी फाइल. एकाही कागदाला मुरड पडली नव्हती.

उत्तरानं तोंडावर हात घेतला आणि ती रडू लागली. अप्पांचं मात्र तिच्याकडं लक्षच नव्हतं. बस्त्याच्या तळातून त्यांनी मूठभर हिरवी पानं उचलली होती आणि त्यांचा चेहरा संतापानं लाल झाला होता.

“ओला पाला! श्रावणाच्या दमटात बस्त्यात ओला पाला? चार दिवसांत बुरशी धरंल! कुणी घातला हा?”

“तेच तर,” चंद्रभान म्हणाले, आणि त्यांनी अप्पांच्या तळहातावरची दोन पानं उचलून खिशात टाकली. “कुणी घातला ते मला कळलं, अप्पा.”

५

दोन वाजता सगळे सरांच्या खोलीत बसले. चंद्रभानांनी अठरा ठसे आणि निळी फाइल टेबलावर ठेवली. केयूरनं मोठ्यानं श्वास सोडला. सर ठशांकडं बघून म्हणाले, “सापडले! देवाची कृपा.”

“सापडले,” चंद्रभान म्हणाले. “आता कुणी लपवले ते सांगतो. चोरानं कागद जपून ठेवले. शिवाय बस्त्यात पाला घातला. आपल्याच संस्थेत चोरी करताना बी त्यानं नियम पाळला. हे काम केयूरचं न्हाई. त्यानं पाच वर्षांत एकदा बी पाला घातला न्हाई, तो काल कामून घालंल?”

“खरं हाय,” केयूर म्हणाला, आणि मग आपण काय कबूल केलं ते कळून गप्प झाला.

“राहिले नियम पाळणारे. उत्तरा, पाला कुठून घेतेस तू?”

“अप्पांच्या डब्यातून. वाळवलेला. वाळत घालायला मीच मदत करते त्यांना.”

“अप्पा, तुमचा डबा?”

“माझ्या कपाटात, कुलपात. मागितला की देतो. तीन दिवस सावलीत वाळल्याबिगर मी पान बस्त्याला लावत न्हाई.”

चंद्रभानांनी खिशातली हिरवी पानं काढून ठशांशेजारी ठेवली.

“अप्पा असा ओला पाला मेले तरी घालणार न्हाईत. उत्तराला तर वाळवायचं ठावच हाय. म्हंजे हा पाला घालणाऱ्याला पाला घालायचा हे माहीत, पर वाळवायचा असतो हे माहीत न्हाई. त्याला बस्ता कायम तयार बांधलेला हातात मिळत आलाय. त्यानं नियम लिहिला, पर आपल्या हातानं कधी पाला घातला न्हाई. काल अप्पा नव्हते, डबा कुलपात व्हता. त्यानं अंगणातली डहाळी तोडली.”

केयूरची नजर दाराबाहेरच्या पाटीवर गेली. हुकुमावरून, संचालक.

“काहीतरीच बोलू नका,” सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. “मी कशाला? तिचं नाव मीच पाठवलंय.”

“हे मला बी समजत नव्हतं, व्यंकटराव. मग मी माझ्या सवयीनं तारीख बघायचं ठरवलं.” चंद्रभान उठले, स्टुलावर चढले आणि खिळ्यावरचं कॅलेंडर त्यांनी काढून घेतलं.

चौकटीचा खालचा भाग उघडा पडला. मान्यता ३१ मार्च २०१८ पर्यंत वैध.

उत्तरा उठून चौकटीजवळ गेली. ती ओळ तिनं दोनदा वाचली. “सर, पाच वर्षं मी माझ्या प्रत्येक लेखाखाली ‘मान्यताप्राप्त संस्था’ लिहितेय.”

सरांनी पेन खिशातून काढलं, पुन्हा ठेवलं. “त्या वर्षी आमची ही नांदेडला दवाखान्यात होती. नूतनीकरणाचे कागद आले होते. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. ती गेली, आणि मुदतही गेली. नंतर कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली. बुधवारी यादीत ती प्रत बघितली आणि... फाडायला हात धजला नाही गं. उद्या, मुदत गेल्यावर, मीच शोधून देणार होतो.”

“मुदत गेल्यावर!” उत्तराचा आवाज चिरकला. “मला ठसे मिळाले असते आणि अर्ज गेला नसता, आणि मी आयुष्यभर केयूरवर संशय घेत बसले असते. तुम्ही ते बघत बसला असता?”

अप्पा तोंडातल्या तोंडात शिव शिव म्हणत होते. केयूर तिच्याकडं बघेना.

“रागवायला जिंदगी पडलीय,” चंद्रभान म्हणाले. “अडीच वाजलेत.” त्यांनी खिशातून पुस्तिका काढून दुमडलेलं पान उघडलं आणि वाचलं: “‘संस्थेची मान्यता संपली असल्यास संस्थाप्रमुखाने त्याचा दिनांक व कारण स्वहस्ते लिहून द्यावे. त्या कारणाने संशोधकाचा अर्ज बाद होणार नाही. संस्थेची मात्र चौकशी होईल.’ हे तुमी वाचलं नव्हतं का, व्यंकटराव?”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वाचलं होतं,” ते म्हणाले. “दोनदा.”

६

उत्तरानं त्यांच्यापुढं कोरा कागद सरकवला. विनंती केली नाही. हात कागदावरच ठेवून उभी राहिली.

सरांनी लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर सबंध सेलूत नावाजलेलं, फलकांवर लोक त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. आज ओळ खाली उतरत गेली. मान्यता कधी संपली, कुणाच्या चुकीनं संपली, सात वर्षं ही गोष्ट कुणापासून लपवली, सगळं त्यांनी लिहिलं. ‘यात संशोधिकेचा काहीही दोष नाही’ हे वाक्य लिहून त्याखाली रेघ मारली. सही केली आणि कागद पुढं केला.

उत्तरानं उभ्याउभ्या तो वाचला. तिचे डोळे भरले होते, पण कागद तिनं खाली ठेवला नाही.

“तारीख राहिली, सर.”

सरांनी कागद परत घेतला आणि आजची तारीख टाकली.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी केयूरनं न सांगता आपली मोटारसायकल काढली. उत्तरा क्षणभर थांबली, मग मोठं पाकीट छातीशी धरून मागं बसली. चंद्रभान फाटकाशी उभे राहिले. पावणेचारला तिचा फोन आला. अर्ज खिडकीतून आत गेला, पावती हातात आहे, एवढंच ती बोलली, आणि चंद्रभानांनी तिला पावतीवरची तारीख वाचून दाखवायला सांगितली.

ते आत आले तेव्हा अप्पा दप्तरखान्याच्या फरशीवर दोनशे सतरा उघडून बसले होते. ओला पाला एकेक करून वेचत होते, दमट झालेले कागद सुती फडक्यानं टिपत होते. सर दारात उभे होते. पाटी त्यांनी खिळ्यावरून काढून हातात घेतली होती, आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी ती भिंतीला टेकवून ते गुडघे धरत खाली बसले. इतक्या वर्षांत सरांना या फरशीवर बसलेलं अप्पांनी कधी बघितलं नव्हतं.

“अप्पा, किती दिवस म्हणालात वाळायला?”

“तीन. सावलीत.”

“उन्हात लवकर वाळतील की.”

“उन्हात कडूपणा जातो, सर.”

सरांनी मान हलवली आणि ओली पानं एकेक करून ओंजळीत घेऊ लागले. पसरायला त्यांना काही सापडेना. चंद्रभानांनी काखेतला, अजून न वाचलेला पेपर उलगडला आणि त्यांच्यापुढं अंथरला.